चिंचवडचा मंगलमूर्ति वाडा

पुण्याहून मुंबईकडे जातांना पवना नदीच्या कांठीं चिंचवड लागतें. आज हें नांव उच्चारतांच डोळ्यांपुढें कारखान्यांच्या रांगा, कामगारांच्या वसाहती आणि रुंद सडका उभ्या राहतात. पण कारखाने येण्यापूर्वीं, आगगाडी येण्यापूर्वीं, इंग्रजी अंमल येण्यापूर्वीं या गांवाची कीर्ति एका वाड्यामुळें होती. तो वाडा म्हणजे मोरया गोसावी यांच्या घराण्याचा मंगलमूर्ति वाडा. गांवांतच, नदीच्या कांठीं, मोरयांची समाधि आहे. या वास्तूंविषयीं प्रचलित असलेल्या चमत्कारांच्या कथा आपण सर्वांनीं ऐकल्या आहेत. मला आज त्यांच्या उपयोगांचा इतिहास सांगावयाचा आहे. एकाच भिंतींच्या आंत काळानुसार किती निरनिराळीं कामें चालतात, त्यांचा खर्च कोण सोसतो, आणि अखेर ती वास्तु कोणाची मानावयाची, हे या इतिहासांतले खरे प्रश्न आहेत.

इंग्लंडांत पॅरिश नांवाची एक जुनी व्यवस्था आहे. एका चर्चच्या कक्षेंत येणाऱ्या वस्तीला पॅरिश म्हणतात. आपल्याला वाटतें कीं तेथें केवळ प्रार्थना होत असेल. परंतु १६०१ च्या कायद्यान्वयें आपापल्या हद्दींतील गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवरच होती. जन्म, विवाह व मृत्यु यांची नोंद पॅरिशच्याच वह्यांत होई. पुढें १८३४ सालीं गरिबांच्या पोषणाची व्यवस्था वेगळ्या मंडळांकडे गेली, १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि १८९४ सालीं उरलेलें गांवकीचें कामहि लोकनियुक्त मंडळांनीं घेतलें. एकामागून एक जबाबदाऱ्या निघून गेल्या आणि चर्चजवळ प्रार्थना तेवढी उरली. आपल्याकडील जुन्या संस्थानांचें पुष्कळसें असेंच झालें. चिंचवडचा वाडा हें त्याचें एक ठळक उदाहरण आहे. पण तेथें अखेरीस जें उरलें तें मात्र थोडें निराळें आहे.

या वाड्याचा पहिला उपयोग घर हाच होता. मोरया गोसावी हे मोरगांवच्या मयूरेश्वराचे उपासक. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. परंतु त्यांच्या भक्तीची कथा महाराष्ट्रांत सर्वत्र सारखीच सांगितली जाते. वार्धक्यामुळें मोरगांवची वारी अवघड झाली, तेव्हां कऱ्हा नदींत स्नान करतांना त्यांच्या ओंजळींत मंगलमूर्ति आली, आणि ती घेऊन ते चिंचवडास परतले, अशी ती परंपरा आहे. कथेचा ऐतिहासिक भाग कितीहि असो, तिच्यांतील व्यवहार लक्षांत घेण्याजोगा आहे. ज्याला देवाकडे जाणें जमेना, त्यानें देव आपल्या घरीं आणला. म्हणजे येथें आधीं घर होतें आणि मग त्या घराचें देऊळ झालें. आपल्या बहुतेक देवळांचा क्रम याच्या उलट असतो. आधीं देऊळ उभें राहतें, नंतर पुजाऱ्याचें घर त्याला लागून येतें. चिंचवडच्या पुढील साऱ्या गुंतागुंतीचें मूळ या उलट क्रमांत आहे.

मोरयांनीं नदीकांठीं समाधि घेतली. त्यांच्या समाधीवरील मंदिराचें काम शके १५८० मध्यें, म्हणजे इ. स. १६५८ मध्यें, सुरू होऊन पुढच्या वर्षीं पुरें झालें, हें तेथील शिलालेखावरून कळतें. देऊळ साधें आणि ठेंगणें आहे; त्यांत कोरीव कामाचा डामडौल नाहीं. मोरयांचे पुत्र चिंतामणि. त्यांना तुकारामबोवांनीं 'देव' म्हणून संबोधिलें आणि तेंच पुढें घराण्याचें उपनांव झालें, अशी समजूत आहे. देहू चिंचवडपासून फार दूर नाहीं, हें येथें आठवावें. गणपतीचा अंश या घराण्यांत सात पिढ्यांपर्यंत राहील, अशीहि श्रद्धा रूढ झाली. त्यामुळें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. देव्हाऱ्यांतहि देव आणि ओसरीवर बसलेला घरधनीहि देव! पायां पडणारा मनुष्य आंत जाऊन मूर्तीला नमस्कार करी आणि बाहेर येऊन घरच्या यजमानालाहि नमस्कार करी. वाहिलेलें द्रव्य देवाचें कीं देवांचें, असा प्रश्न त्या काळीं कोणाच्या मनांतहि आला नाहीं. तो पुढें आला, आणि फार निकडीनें आला.

जेथें देव तेथें यात्रा आणि जेथें यात्रा तेथें अन्न. वाड्याचा दुसरा मोठा उपयोग अन्नसत्राचा. पंगती उठवावयाच्या तर तांदूळ हवा, मीठ हवें, तूप हवें. मावळांतल्या गांवाला हा सारा जिन्नस पुरवावयाचा कोणीं? देवांना एक हक्क मिळालेला होता. अन्नदानासाठीं लागणारें धान्य वगैरे त्यांनीं कोंकणांतून बाजारभावाहून कमी दरानें घ्यावें, असा तो हक्क होता. दिसावयास ही व्यवस्था धर्माची आहे. परंतु कमी दरानें घेतलेल्या जिनसाची तूट कोणाच्या तरी पदरीं पडतेच. ती पडत होती कोंकणांतल्या रयतेच्या पदरीं. शिवाजीमहाराजांनीं हा हक्क बंद केला आणि संस्थानच्या अन्नदानास लागणारा जिन्नस सरकारी कोठारांतून द्यावा, अशी व्यवस्था लाविली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. महाराजांनीं पंगत मोडली नाहीं, आणि देवाच्या नांवानें कुळाची नाडणूकहि चालूं दिली नाहीं. पुण्य ज्याला जोडावयाचें त्यानें त्याचा खर्च आपल्या कोठारांतून करावा, हा त्यांतला न्याय होता. वाड्याचा पुढील इतिहास पाहतांना हा न्याय आपण कसोटी म्हणून हातीं ठेवूं.

पुढें मोंगलांचा अंमल आला, तोहि वाड्याला प्रतिकूल ठरला नाहीं. औरंगजेबानें परीक्षा पाहण्यासाठीं मांसाचें ताट पाठविलें, त्यावरील वस्त्र काढतां त्यांत फुलें निघालीं, आणि बादशहानें आठ गांवें इनाम दिलीं, अशी दंतकथा सांगतात. दंतकथेंतील फुलें बाजूस ठेवलीं तरी गांवें उरतातच. गांवें आलीं म्हणजे वसुली आली. वसुली आली म्हणजे कारकून, दप्तर, शिपाई, तंटे आणि त्यांचे निवाडे हेंहि आलें. घर होतें त्याचें संस्थान झालें. पेशव्यांच्या काळीं तर या संस्थानाला मोठाच बहर आला, कारण पेशव्यांचें घराणें गणेशभक्त. त्या काळांत चिंचवडास टांकसाळहि चालत होती. ज्या गांवाचें नांव एका बैराग्याच्या वैराग्यामुळें झालें, त्या गांवीं रुपये पाडले जावे, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल.

या वैभवाच्या अखेरच्या दिवसांचें वर्णन दोन परकीयांनीं लिहून ठेवलें आहे. एडवर्ड मूर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांतला अधिकारी १८०० च्या जानेवारींत चिंचवडास आला. हिंदु देवदेवतांविषयीं त्याला विलक्षण कुतूहल होतें. पुढें १८१० मध्यें त्यानें त्या विषयावर मोठा ग्रंथहि प्रसिद्ध केला. वंशपरंपरेनें चालत आलेला जिवंत देव, या विषयावरील त्याचा निबंध 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडांत छापलेला आहे. दुसरी साक्ष मारिया ग्रॅहॅम या विदुषीची. ती १८०९ मध्यें वाड्यांत आली आणि १८१२ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत तिनें जें पाहिलें तें मोकळेपणानें सांगितलें. इमारत अवाढव्य, पण सौंदर्य कांहींच नाहीं. चौकांत जमीन सारविण्यासाठीं शेण कालविण्याचें काम चाललेलें. खिडक्याखिडक्यांत धष्टपुष्ट ब्राह्मणांची गर्दी. देव म्हणजे एक लहान मुलगा. तो साध्या पडवींत एका बुटक्या पाटावर बसलेला होता. इतर मुलांबरोबर त्याला खेळूं देत नसत. त्याच्या डोळ्यांतील भिरभिर अफूमुळें आली आहे, असें तिच्या कानांवर आलें. त्यानें तिला बदाम आणि हिंगाचा वास येणारी खडीसाखर दिली आणि तिनें त्याच्या हातीं मूठभर रुपये ठेविले.

ग्रॅहॅमबाईची दृष्टि परकी होती आणि तिच्या लेखणींत उपहासहि होता. पवनेला ती मुठा समजली. तथापि तिच्या वर्णनांतील त्या मुलाला विसरतां येत नाहीं. एवढा मोठा वाडा, एवढी गांवें, एवढीं माणसें त्याच्या नांवावर चाललेलीं, आणि त्याला स्वतःला मात्र अंगणांत खेळण्याची मोकळीक नाहीं! घराचें संस्थान झालें तेव्हां घरपण हरवलें, याचा इतका बोलका पुरावा कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाचा नाहीं. समाधीच्या आवारांत मात्र तिला निराळें दृश्य दिसलें. फरसबंद अंगण, भोंवतीं झाडें, नदींत उतरणारा सुरेख घाट. कोठें बायका मूर्तींना पाण्यादुधाचें स्नान घालीत आहेत, कोठें मुलें फुलें वाहत आहेत, कोठें यात्रेकरू अंघोळ करीत आहेत. वाड्यांत वैभव अडकून पडलें होतें. घाटावर लोकांचा धर्म आपल्या गतीनें चाललेला होता.

त्यानंतर लवकरच, १८१० मध्यें, घराण्याचा थेट वंश खुंटला, असें सरकारी गॅझेटियर सांगतें. सात पिढ्यांच्या श्रद्धेप्रमाणें जिवंत देवाचें पर्व संपलें. आतां वाड्याचेंहि काम संपावें, असें तर्काला वाटतें. परंतु तसें झालें नाहीं. दूरच्या शाखेंतील वारस गादीवर बसविण्यांत आला. पूजा चालूं राहिली, यात्रा चालूं राहिल्या, पंगती चालूं राहिल्या. गॅझेटियरकर्त्यानें यांत उत्पन्न राखण्याची युक्ति पाहिली आहे, आणि ती अगदींच चूक आहे असें नाहीं. पण यांत आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. व्यक्तींतील देवत्व संपल्यावरहि वास्तु चालूं शकते. कारण ती व्यक्तीसाठीं नव्हे, कामासाठीं लोकांना हवी असते. माझ्या मतें संस्था या शब्दाच्या खऱ्या अर्थानें चिंचवडची संस्था या वेळीं जन्मास आली.

१८१८ मध्यें पेशवाई गेली आणि नव्या सरकारनें जुनीं दप्तरें उलगडावयास आरंभ केला. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले. कोणतें इनाम कोणी दिलें, कोणाला दिलें, कशासाठीं दिलें, याची चौकशी सुरू झाली. त्या कायद्यांत एक महत्त्वाचा भेद होता. देवस्थानाच्या पोषणासाठीं दिलेलें इनाम कायम चालावयाचें. व्यक्तीच्या उपभोगासाठीं दिलेलें इनाम मात्र कांहीं पिढ्यांनंतर खालसा होऊं शकत होतें. साऱ्या महाराष्ट्रांतील मठ, देवळें आणि गोसाव्यांची घराणीं या प्रश्नापुढें उभीं राहिलीं: तुम्ही देव कीं देवाचे सेवक? हा वाडा घर कीं देऊळ? शतकानुशतकें ज्या ठिकाणीं हा भेद कोणीं केलाच नव्हता, तेथें तो कागदावर करावा लागला. ज्या घराण्याचें नांवच 'देव', त्याची या प्रश्नानें किती अडचण झाली असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. आपल्या पूर्वजांना या चौकशीचा राग आला, आणि तो साहजिक होता; सरकारला आपली तिजोरी भरावयाची होती. तरीहि तो प्रश्न खोटा नव्हता. शिवाजीमहाराजांनीं दोन शतकांपूर्वीं विचारलेल्या प्रश्नाचीच ती कोरडी, कचेरींतली आवृत्ति होती.

येथें जरा शेजारीं पाहूं. चिंचवडपासून सुमारें २० किलोमीटरवर चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्यें शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें फिरंगोजी नरसाळा यांनीं तो जवळजवळ दोन महिने झुंजविला. १८१८ मध्यें इंग्रजांनीं तो घेतला आणि त्याचें लष्करी महत्त्व संपलें. आज तेथें बुरूज आणि तट यांचे अवशेष उरले आहेत, आणि चाकणच्या आसमंतांत मोटारींचे कारखाने उभे आहेत. किल्ल्याचा पराक्रम वाड्याहून मोठा. पण त्याचें काम एकच होतें, लढण्याचें. तें काम गेल्यावर त्याच्याकडे जाण्याचें कारणच उरलें नाहीं. वाड्याचीं कामें अनेक असल्यामुळें त्यांतलीं कांहीं गेलीं तरी कांहीं राहिलीं. टांकसाळ गेली, गांवकऱ्यांवरील सत्ता गेली, इनामाचा दरारा गेला; अन्न, पूजा आणि वारी उरली. इंग्लंडांतल्या चर्चजवळ प्रार्थना तेवढी उरली असें मीं म्हटलें. येथें प्रार्थनेबरोबर पंगतहि उरली, हा तो फरक.

विसाव्या शतकांत आणखी एक पालट झाला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानें देवस्थानांना नोंदणी करणें, हिशेब ठेवणें आणि ते तपासून घेणें भाग पडलें. चिंचवड देवस्थानचा कारभार विश्वस्त मंडळाकडे आहे, आणि अष्टविनायकांपैकीं मोरगांव, थेऊर व सिद्धटेक या क्षेत्रांची व्यवस्थाहि त्याच्याकडे आहे. ज्या वास्तूचा आरंभ एका गृहस्थाच्या घरापासून झाला, ती कायद्याच्या दृष्टीनें जनतेची ठेव झाली. मोरयांनीं देव घरीं आणला होता. चार शतकांनीं तें घरच देवाला आणि लोकांना देण्यांत आलें, असें म्हणतां येईल.

आणि लोकहि बदलले. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६० नंतर औद्योगिक वसाहत वाढली. १९७० सालीं नगरपालिका, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत या शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या घरांत गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोंकण आणि परप्रांत येथून आलेलीं हीं माणसें. त्यांचे पूर्वज देवांच्या आठ गांवांचे कुळकरी नव्हते आणि पेशव्यांचे आश्रितहि नव्हते. तरी चतुर्थीला तीं समाधीच्या दर्शनाला येतात, मार्गशीर्षांतील समाधिमहोत्सवाला येतात. भाद्रपदांत व माघांत मंगलमूर्तीची पालखी वाड्यांतून निघून मोरगांवला जाते, तेव्हां कामाची पाळी संपवून आलेला कामगारहि वाटेंत हात जोडून उभा राहतो. परक्या शहरांत आलेल्या मनुष्याला रोजगार कारखाना देतो. पण या गांवाशीं आपलें कांहीं नातें आहे, ही भावना कारखाना देऊं शकत नाहीं. ती देण्याचें काम आज हा वाडा आणि हा घाट करीत आहेत. त्यांच्या उपयोगांतला हा सर्वांत नवा उपयोग आहे.

जुन्या वास्तूंचें काय करावें, असा प्रश्न आला म्हणजे एक सोपें उत्तर सुचतें: संग्रहालय करावें. तें कित्येक ठिकाणीं योग्यहि असतें. जुन्या गोव्यांतील फ्रान्सिस्कन मठांत १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचें संग्रहालय आहे. तेथें राहणारे साधूच उरले नव्हते. चिंचवडांतच चापेकर बंधूंच्या वाड्याचें स्मारक झालें आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळी झाडणाऱ्या आणि १८९८-९९ मध्यें फांसावर गेलेल्या त्या भावांचें घर स्मारक व्हावें, हेंच उचित. कारण त्यांचें काम संपलें आणि स्मरण उरलें. परंतु मंगलमूर्ति वाड्याचें काम संपलेलें नाहीं. त्याला कांचेच्या कपाटांत बसविणें म्हणजे चालत्या मनुष्याचा पुतळा करणें होय.

याचा अर्थ त्याची डागडुजी करूं नये असा नाहीं. पावसाळ्यांत पवनेला पूर आला कीं पाणी समाधीच्या आवारांत शिरतें. भोंवतालीं इमारती दाटल्या आहेत. नदीच्या पाण्याची अवस्था शहरांतील प्रत्येकाला ठाऊक आहे. घाट स्वच्छ राहिला नाहीं तर ग्रॅहॅमबाईला जें लोकांचें जीवन तेथें दिसलें, त्याला पाय टेकावयास जागा उरणार नाहीं. म्हणून वाडा राखणें आणि नदी राखणें हीं दोन कामें निराळीं नाहींत. दगड बदलतां येतो, तुळई बदलतां येते; पण ज्या कारणासाठीं माणसें उंबरा ओलांडतात तें कारण एकदां गेलें म्हणजे परत आणतां येत नाहीं.

श्रोतेहो, चार शतकांत या वाड्यानें राजे पाहिले, बादशहा पाहिले, कंपनीचे साहेब पाहिले, कायदे पाहिले. प्रत्येकानें त्याच्याकडून कांहीं काढून घेतलें आणि त्याला कांहीं दिलें. ज्या वेळीं त्याच्याजवळ सर्वांत अधिक होतें, त्या वेळीं त्याच्या पडवींत एक पोर एकटें बसलेलें होतें. सत्तेचा आणि संपत्तीचा भार उतरला तेव्हां दार सर्वांना उघडें झालें. यापुढें जे कोणी या वास्तूचे किंवा हिच्यासारख्या दुसऱ्या वास्तूंचे विश्वस्त होतील, त्यांनीं नवी कमान बांधतांना, नवी रक्कम जमवितांना, नवा उत्सव ठरवितांना शिवाजीमहाराजांची ती साधी कसोटी लावून पाहावी: येथें कोण जेवतो, आणि त्याची किंमत कोण देतो? या दोन प्रश्नांचें उत्तर जोंवर उजळ माथ्यानें देतां येईल, तोंवर वाड्याचे उपयोग कितीहि बदलले तरी वाडा बदलणार नाहीं.